शफक गेल्यानंतरचा लाल

दक्षिण ध्रुवीय प्रकाश बघायला दिवस ठरवून जाता येत नाही. ग्रहणाची वेळ वर्षभर आधी मिनिटासह ठाऊक असते. रजा टाकता येते, पाहुण्यांना बोलावता येते. या प्रकाशाची पक्की खबर मिळते ती फार तर अर्धा-पाऊण तास आधी. तेवढ्यात मुलांना स्वेटर चढवायचे, कॅमेऱ्याची बॅटरी बघायची, ढग कोणत्या बाजूला आहेत याचा अंदाज घ्यायचा आणि गाडी काढायची. रमजानच्या २९ तारखेला मगरिबच्या सुमारास गच्चीवर नाही तर किनाऱ्यावर धावणाऱ्या आपल्या घरांना ही धांदल नवी वाटू नये. फरक इतकाच, की चांदाला निदान तारीख असते.

आम्ही ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर, होबार्ट शहरात राहतो. आम्ही दोघे, मुलगा आणि मुलगी. होबार्ट साधारण ४३ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. उत्तर गोलार्धात तेवढ्याच अंशावर फ्रान्सचा दक्षिण किनारा येतो आणि तिथे हा प्रकाश क्वचितच दिसतो. मग इथे कसा? कारण दक्षिण चुंबकीय ध्रुव भूगोलाच्या ध्रुवावर नाही. तो सरकून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात आहे. चुंबकाच्या हिशोबाने आमचे बेट ध्रुवाच्या जास्त जवळचे. म्हणून इथल्या बऱ्याच लोकांच्या गाडीच्या डिकीत हिवाळाभर एक ट्रायपॉड आणि जाड जाकीट पडलेले असते.

मुळात हे सगळे सूर्याकडून येते. सूर्यावरचे डाग आपल्या बाजूला असताना तिथे मोठा स्फोट झाला, तर तापलेल्या, विद्युतभारित वायूचा प्रचंड लोट अवकाशात फेकला जातो. पृथ्वीपर्यंत यायला त्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. तेवढ्यावरून हवामान खात्याचे अवकाश विभाग इशारा देतात, पण तो ‘आज-उद्याकडे लक्ष ठेवा’ एवढाच. लोट खरेच आपल्यावर आदळणार का आणि आदळला तर प्रकाश दिसणार का, हे कळते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला उभ्या असलेल्या उपग्रहांकडून. तिथून पुढे सेकंदाला ७०० किलोमीटर वेगाने येणारा सौरवारा पस्तीस-छत्तीस मिनिटांत आपल्या दारात असतो.

त्यातही एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. वाऱ्याचा वेग मोठा असला म्हणजे झाले असे नाही. त्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे तोंड दक्षिणेकडे असावे लागते. ते उत्तरेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाची कडी लागलेलीच राहते आणि लोक किनाऱ्यावर थंडीत कुडकुडून घरी परततात. मोबाईलवर हा आकडा उणे चिन्हासह खाली जाऊ लागला, की आमच्या घरात हाका सुरू होतात. आठ वर्षांच्या आमच्या धाकटीला अजून उणे संख्यांची वजाबाकी नीट येत नाही, पण उणे वीस ही चांगली बातमी असते हे तिला पक्के ठाऊक आहे.

इथे आल्यावर पहिल्यांदा हा प्रकाश कॅमेऱ्यात सापडला तेव्हा तो फोटो आम्ही अब्बांना पाठवला होता. अलिबागजवळच्या गावात आमचे घर. फोटोत क्षितिजावर हिरवी कमान, तिच्यावर जांभळट खांब. अब्बांनी तो मशिदीबाहेर चार जणांना दाखवला आणि रात्री फोन करून विचारले, ‘डोळ्यांना एवढा हिरवा दिसतो का?’ आम्ही सांगितले, नाही. त्या रात्री डोळ्यांना राखाडी पट्टा दिसत होता, पातळ ढगासारखा. हिरवा कॅमेऱ्याने टिपला. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला तो राखाडी पट्टाच बघायचा आहे.’ त्यांनी पासपोर्टही काढला. २०२२ मध्ये, तो एकदाही न वापरता, ते अल्लाहच्या घरी गेले.

२०२४ च्या फेब्रुवारीत अम्मी एकट्या आल्या. आमच्यापैकी एकाची ती आई, एकाची सासू, पण हाक दोघांचीही अम्मीच. त्यांनी रमजान आणि ईद इथेच केली. नातवंडांचे लाड झाले, खिम्याचे समोसे झाले, बागेतली फुलझाडे कापून सरळ झाली. प्रकाशाचे त्यांनी स्वतःहून एकदाच विचारले, तेही ईदनंतर. आम्ही दोनदा त्यांना घेऊन गेलो. एकदा आकडे चांगले असून समुद्रावर ढगांची भिंत उभी राहिली. दुसऱ्यांदा आकाश स्वच्छ आणि आकडे झोपलेले. अम्मी गाडीत तस्बीह फिरवत बसल्या आणि दोन्ही वेळा परतताना म्हणाल्या, ‘असू दे, समुद्र तर बघितला.’ परतीचे तिकीट १४ मे, मंगळवारचे होते.

त्या आठवड्यात सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह समोर आला होता. त्याची रुंदी पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट. त्यातून एकामागून एक लोट निघाले आणि मागचे वेगवान लोट पुढच्यांना गाठत आले. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्राने चौथ्या श्रेणीच्या भूचुंबकीय वादळाचा आगाऊ इशारा दिला. असा इशारा २००५ नंतर पहिल्यांदाच निघाला होता. प्रत्यक्षात वादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीला पोचले. ते २००३ च्या ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

होबार्टच्या वेळेनुसार ते आदळले शनिवारी, ११ मे रोजी पहाटे तीनच्या सुमारास. आम्हाला कळले फजरला उठल्यावर. मोबाईलवर ओळखीच्यांचे वीस-बावीस संदेश. आमचे घर टेकडीच्या उतारावर, दक्षिण बाजू झाकलेली. तोवर पूर्वेला उजाडूही लागले होते. आता प्रश्न एकच उरला: संध्याकाळपर्यंत हे टिकेल का? दिवसभर आमच्यातला एक जण आकडे बघत होता आणि दुसरा ढगांचे नकाशे. मे महिन्यात इथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. रात्र मोठी, एवढी एक गोष्ट आमच्या बाजूने होती.

दुपारी अम्मींचा गुडघा दुखत होता. जायचे की नाही यावर दोघांत थोडी कुरबूरही झाली. थंडी, अंधार, वाळूत चालणे, वर परवा-तेरवा लांबचा विमानप्रवास. अम्मी आतल्या खोलीतून म्हणाल्या, ‘गुडघा मंगळवारी पण दुखणारच आहे.’ वाद तिथेच संपला.

मगरिब घरी केली. इशासाठीचा वुजूही घरातूनच करून निघालो, कारण किनाऱ्यावरचे पाणी हाडे गोठवणारे. डिकीत ट्रायपॉड, घडीची खुर्ची, दोन चादरी, चहाचा थर्मास, जानमाज. आम्ही साउथ आर्मची वाट धरली. डरवेंट नदीवरचा मोठा पूल ओलांडून, रोकबी आणि लॉडरडेल मागे टाकत जाणारा हा रस्ता समुद्रात घुसलेल्या भूभागावर नेतो. तिथून दक्षिणेला फक्त समुद्र. शहराचा उजेड पाठीमागे राहतो. प्रकाश बघायचा तर ही एवढीच अट महत्त्वाची, दक्षिण क्षितिज मोकळे आणि काळोखी. बाकी उंच डोंगर, प्रसिद्ध जागा वगैरे हौसेचा भाग. त्या दिवशी हे सगळ्या शहरालाच ठाऊक असावे, कारण एरवी सामसूम असणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती. गोट ब्लफ नावाच्या कड्यावर जागाच उरली नव्हती. आम्ही थोडे पुढे, सपाट किनाऱ्याजवळ गाडी लावली. अम्मींना कड्यावर चढवायचेच नव्हते.

पश्चिमेला तीन-चार दिवसांची कोर होती. ती इथे कोकणातल्यापेक्षा वेगळ्या अंगावर कललेली दिसते. अम्मींना त्याची गंमत तीन महिन्यांत सरली नव्हती. कोर खाली जात होती, पश्चिमेचा उजेड विझत होता. पण दक्षिणेला, समुद्रावर, तांबूस काहीतरी होते. अम्मींनी घड्याळाकडे बघितले आणि विचारले, ‘इशाची वेळ झाली म्हणता, मग शफक अजून कसा गेला नाही?’

आम्ही कोकणातले, शाफई. सूर्यास्तानंतरचा लालिमा म्हणजे शफक. तो विरला की इशा, हे अम्मींनी लहानपणापासून अंगणात उभे राहून बघितलेले. थोरला हसू दाबत म्हणाला, ‘दादी, सूर्य तिकडे बुडाला. हे तर दक्षिणेला आहे.’ अम्मींनी पश्चिमेकडे बघितले, तिथे काळोख. परत दक्षिणेकडे. मग काहीच बोलल्या नाहीत. फक्त जानमाज मागितला.

होबार्टहून किबला जवळजवळ थेट पश्चिमेला येतो, कोकणातल्यासारखाच. म्हणजे नमाजेला उभे राहिले की दक्षिण डाव्या हाताला. अम्मी खुर्चीवर बसून, आम्ही वाळूवर. नमाजेत मन कुठे कुठे जात होते हे लिहायची गरज नाही. उजवीकडे सलाम फेरला, मग डावीकडे, आणि त्या अर्ध्या वर्तुळाच्या शेवटी आकाश डोक्यापर्यंत लाल झालेले होते.

कोर मावळल्यावर काळोख दाट झाला आणि डोळे सरावले. याला वीसेक मिनिटे लागतातच, आणि मध्ये कुणी मोबाईलचा उजेड पाडला की पुन्हा पहिल्यापासून. आधी समुद्रालगत राखाडी-पांढरा पट्टा. त्यातून वर उभे खांब, गेरूत पाणी जास्त झाले की येतो तसा फिकट रंग. खांब नाचत नव्हते. शेताच्या बांधावरून माणसे जावीत तसे सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत होते. एक विझला की त्याच्या शेजारी दुसरा. लाल प्रकाश सगळ्यांत उंचावरून, दोनशे किलोमीटरच्याही वरून येतो. तिथल्या विरळ हवेतल्या ऑक्सिजनचा तो रंग. हिरवाही ऑक्सिजनचाच, पण खालचा, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीचा. खालच्या काठाला कधी गुलाबी-जांभळे दिसते ते नायट्रोजनचे. त्या रात्री थोरल्याला क्षितिजाजवळ हिरवट झाक डोळ्यांनी दिसली. धाकटीने शपथेवर सांगितले की तिलाही दिसली. आम्हा दोघांत एकमत झाले नाही. अम्मी म्हणाल्या, ‘मला नाही दिसला हिरवा.’

कॅमेऱ्याला मात्र सगळे दिसत होते. जे वाचक न्यूझीलंडमध्ये, मेलबर्नकडे किंवा उत्तरेला कॅनडा-नॉर्वेत असतील, त्यांच्या उपयोगाचे थोडे सांगतो. ट्रायपॉड हवाच, नसेल तर दगडावर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. फोकस हाताने, एखाद्या ठळक ताऱ्यावर लावायचा. अंधारात कॅमेऱ्याचा आपोआप फोकस भरकटतो. लेन्स जितकी उघडेल तितकी उघडी, आयएसओ १६०० ते ३२००, आणि शटर पाच ते पंधरा सेकंद. प्रकाश जोरात असेल तर सेकंद कमी करावेत, नाही तर खांब एकमेकांत मिसळून नुसता लाल चिखल होतो. बटण दाबताना हलते, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. थंडीत बॅटरी लवकर संपते. दुसरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. लेन्सवर दव बसते, ते अधूनमधून पुसत राहावे. आजकालचे मोबाईलही रात्रीच्या मोडवर काही सेकंदांचा फोटो छान काढतात. फ्लॅश मात्र बंद. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून त्या रात्री फ्लॅशवाल्यांसाठी जे शब्द निघाले, ते कौटुंबिक मासिकात छापण्यासारखे नाहीत.

कॅमेरा दहा सेकंद उजेड साठवत बसतो. डोळा साठवत नाही. शिवाय मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून फोटो खोटा नसतो, पण ती साक्ष यंत्राची असते. आमच्या पडद्यावर टोमॅटोसारखा लाल, खाली पोपटी, मध्ये गुलाबी असे आकाश उमटत होते. तेच आकाश डोळ्यांसमोर, मऊ आणि फिकट. अम्मी एकदा पडद्यात बघत, एकदा वर.

साडेआठला थोरल्याने चार फोटो गावाकडच्या घरच्या ग्रुपवर टाकले. तिकडे दुपारचे चार. पाचव्या मिनिटाला उत्तरे आली. माशाअल्लाह, सुब्हानअल्लाह यांच्यामध्ये एका भाच्याने लिहिले, ‘कोणते अॅप वापरले?’ दुसऱ्याने हसणारी चिन्हे टाकली. थोरला चिडला. तो काही तिखट लिहिणार तेवढ्यात अम्मींनी मोबाईल मागून घेतला, बोलण्याचे बटण दाबून धरायला सांगितले आणि बोलल्या. तो आवाज अजून आमच्याकडे जपून ठेवला आहे. त्यात मागे लाटा ऐकू येतात. त्या म्हणाल्या:

‘मी स्वतः समुद्रावर बसले आहे. माझ्या डोळ्यांनी बघते आहे. दक्षिणेला, पाण्याच्या वर, आधी राखाडी पट्टा दिसला. मग फिकट लाल खांब, सहा-सात असतील. ते हळूहळू सरकतात. डोक्यावर पण लाल आहे. फोटोत लाल जास्त आहे, एवढा नाही. हिरवा मला दिसला नाही. पोरांना दिसला म्हणतात. झालं, एवढंच.’

चांदाची शहादत देताना विचारतात ना, कुठे दिसला, किती उंचीवर, कोर कोणत्या बाजूला होती, आणखी कुणी बघितला? अगदी तसे, न वाढवता. ग्रुपवर पुढे कुणी अॅपचे विचारले नाही. अम्मींनी मोबाईल परत दिला आणि चहा मागितला. थोड्या वेळाने, कुणाला उद्देशून नाही, ‘राखाडी पट्टा पण होता,’ असे म्हणाल्या. आमच्यापैकी एकाला त्या वेळी कॅमेऱ्याची लेन्स पुसायचे बरेच काम निघाले.

रविवारी सकाळी गावाहून उलटी बातमी आली: लडाखलाही दिसला म्हणे. खरेच होते. १० मेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्याने उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला होता. अम्मींना वाटत होते की हा प्रकाश परक्या मुलखाचा, आपल्याकडे त्याचे काय? त्यावरून नाश्त्याला बराच वेळ गेला. १८७२ च्या ४ फेब्रुवारीला मुंबईतूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद तेव्हाच्या वर्तमानपत्रात आहे. त्याच्याही आधी, १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, आजवर नोंदले गेलेले बहुधा सर्वांत मोठे भूचुंबकीय वादळ आले. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या ते हेच वादळ. त्या वेळी पृथ्वीच्या चुंबकत्वाला बसलेला प्रचंड हिसका मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदवला गेला, आणि जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद काढून बघतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी चुंबकीय मोजमाप बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये खाडीपार अलिबागला हलवले.

‘ती किनाऱ्याजवळची वेधशाळा?’ अम्मी एकदम म्हणाल्या. ‘तिच्यावरून तर तुमचे अब्बा वर्षानुवर्षे सायकलने जायचे. आत काय करतात, कुणी सांगितलं नाही कधी.’ आत काय करतात ते आम्ही सांगितले: सुई किती हलली ते रात्रंदिवस टिपतात. काल रात्री आपण किनाऱ्यावर बसलो होतो तेव्हा तिथली मापेही हलत होती. अम्मींनी बशीतला पाव बाजूला ठेवला. अब्बांना हे माहीत असते तर त्यांनी वेधशाळेच्या फाटकावर ठाण मांडले असते, असे त्यांचे मत पडले, आणि आम्हालाही ते पटले.

मंगळवारी अम्मी गेल्या. सामानात दोन फोटो छापून दिले, एक कॅमेऱ्याने दिला तसा, दुसऱ्यात रंग उतरवून डोळ्यांना दिसले त्याच्या जवळ आणलेला. पुढे कळले की पहिला दिवाणखान्यात लागला आणि दुसरा अम्मींच्या कपाटात, अब्बांच्या पासपोर्टाबरोबर.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ११ तारखेला पुन्हा मोठे वादळ आले. पुन्हा अर्ध्या तासाची धावपळ, तोच किनारा, या वेळी गाड्या कमी. आम्ही तिथूनच गावी फोन लावला. तिकडे असरची वेळ होत आली होती. अम्मी ओसरीवर बसल्या होत्या, मागे कावळ्यांचा आवाज. आम्ही मोबाईलचा कॅमेरा आकाशाकडे वळवणार, तोच त्या म्हणाल्या, ‘ते राहू दे, फोटो मागाहून पाठवा. आधी थोरल्याला दे. डोळ्यांना काय दिसतंय ते सांगू दे.’ थोरल्याने फोन कानाला लावला, मान वर केली आणि क्षितिजापासून सुरुवात केली.